आधी बिघाड कुठे, मग दुरुस्ती

प्रति,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे

विषय : घरातला संगणक आणि इंटरनेट यांतला बिघाड शोधण्याच्या रीतीचा शालेय विज्ञानात समावेश



घरातला संगणक बंद पडला किंवा इंटरनेट गेले की बिघाड सापडण्याआधीच दुरुस्ती सुरू होते. राउटर तीनदा बंद-चालू होतो, केबल उपसून पुन्हा खोचल्या जातात, कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून काहीतरी बदलते, आणि तासाभराने मूळचा दोष कोणता आणि नंतर केलेला कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. बिघाड शोधणे हे दुरुस्तीहून वेगळे काम आहे आणि ते तिच्या आधीचे आहे. त्याची रीत साधी आहे. वीज किंवा संदेश जिथून घरात येतो तिथपासून पडद्यापर्यंतच्या वाटेचे दोन भाग करावेत, दोष कोणत्या भागात आहे ते ठरवावे, मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. फरक पडला नाही तर ती पूर्ववत करूनच पुढे जावे. प्रयोगवहीत विद्यार्थ्याकडून हीच शिस्त अपेक्षित असते. नववीच्या विज्ञानात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा पाठ आहे, दहावीत प्रकाशाचे अपवर्तन आहे. घरात रोज बिघडणारी वस्तू आणि पुस्तकातले हे विज्ञान यांची गाठ घालून देणारा पाठ मात्र हवा आहे. त्यात काय असावे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

इंटरनेट गेले तर पहिली विभागणी फोनने होते. त्याच वायफायवर फोन चालत असेल आणि संगणक चालत नसेल, तर दोष संगणकात आहे. दोन्ही चालत नसतील, तर राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. ही चाचणी फसते ती बहुधा एकाच कारणाने. फोनचा मोबाइल डेटा चालू राहिलेला असतो, वायफाय गेल्यावर फोन गुपचूप त्यावर सरकतो, आणि ‘फोनवर तर चालतंय’ असा निर्वाळा मिळून सगळा शोध चुकीच्या दिशेला लागतो. म्हणून मोबाइल डेटा बंद करूनच फोन पाहावा.

दोष राउटरकडचा ठरला की दिवे वाचावेत. फायबरच्या पेटीवर बहुधा पॉवर, पॉन, एलओएस, लॅन आणि वायफाय असे दिवे असतात. पॉवरचा दिवाच नसेल तर पेटी मेली असे ठरवण्याआधी अडॅप्टर पाहावा. अशा पेट्यांचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. घरात सेट टॉप बॉक्सचे, जुन्या राउटरचे, स्पीकरचे असे तशाच दिसणाऱ्या पिनचे अडॅप्टर असतात आणि आवराआवरीत ते अदलाबदल होतात. अडॅप्टरवरचे व्होल्ट पेटीवर लिहिलेल्या व्होल्टइतकेच हवेत; अँपिअर तितके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. थकलेला अडॅप्टर आणखी फसवा. दिवा लागतो, पण वायफायवर भार आला की व्होल्टेज खाली येते आणि पेटी स्वतःच पुन्हा सुरू होते. दर थोड्या वेळाने सगळे दिवे एकदम विझून पेटत असतील, तर लाइनीवर संशय घेण्याआधी तसाच दुसरा अडॅप्टर लावून पाहावा.

पॉवर ठीक असेल तर पॉन आणि एलओएस. पॉन स्थिर पेटलेला असेल तर पेटीची कंपनीच्या केंद्राशी ओळख पटलेली आहे. लुकलुकत असेल तर ती ओळख पटवण्याच्या प्रयत्नात आहे. एलओएस लाल झाला, तर तारेतून प्रकाशच येत नाही किंवा फार क्षीण येतो आहे. लाल एलओएस असताना पासवर्ड बदलणे, वायफायचे नाव बदलणे किंवा रिसेटचे भोक टाचणीने दाबणे निरुपयोगी आहे. रिसेट तर घातक ठरते, कारण कंपनीने भरलेली माहिती पुसली जाऊ शकते आणि मग तार पुढे दुरुस्त झाली तरी नेट येत नाही.

इथे दहावीचा पाठ कामी येतो. फायबरमधला काचेचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक. पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश त्याच्या आतच राहतो. त्यासाठी तो सीमेवर क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात पडावा लागतो. तार तंग वळवली की कोन घटतो आणि प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. साध्या फायबरचे वळण बांगडीच्या घेराहून तंग होऊ नये, हा लक्षात ठेवायला सोपा अंदाज. काही नवे प्रकार याहून तंग वळण सोसतात, पण घरात कोणता बसवला आहे हे बाहेरून कळत नाही. दिवाळीच्या साफसफाईत कपाट भिंतीला टेकवले जाते, त्याच्या मागे पिवळी किंवा पांढरी बारीक तार दुमडते आणि त्याच संध्याकाळी एलओएस लाल होतो. कपाट चार बोटे पुढे ओढून तार मोकळी केली की पुष्कळदा दिवा विझतो. तार मोडलेलीच असेल तर विझत नाही, आणि मग जोडकाम करणाऱ्या माणसाला बोलावण्यावाचून इलाज नाही.

प्रकाश किती येतो आहे हा आकडा पेटीच्या सेटिंगच्या पानावर बहुधा दिसतो. तो उणे असतो, कारण तो एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेला असतो. फायबरच्या प्रचलित जीपॉन जोडणीत उणे २७ डेसिबल-मिलिवॉट ही पेटीच्या क्षमतेची खालची कड मानली जाते, म्हणजे मिलिवॉटचा सुमारे पाचशेवा भाग. एवढ्याशा प्रकाशावर घरातला सगळा व्यवहार चालतो, ही गोष्ट एखाद्या मुलीला नववी-दहावीत कळली तर लॉगॅरिदमची गोडी तिला वेगळी लावावी लागणार नाही. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर तार निरोगी आहे. उणे २६-२७ ला टेकला असेल तर नेट कधी आहे, कधी नाही अशी तक्रार येणारच. तारेचे टोक मात्र उपसून डोळ्यासमोर धरू नये. केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, अवरक्त असतो. तो दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही. टोकाला बोट लावले तर धूळ आणि घामाचा थर त्या ९ मायक्रॉनच्या वाटेवर बसतो आणि नवाच बिघाड होतो.

घराबाहेरची कारणे म्हणजे उंदीर, खारी, फांद्या आणि सर्वांत जास्त खोदकाम. रस्ता खणण्याआधी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले. एका खड्ड्याने सबंध आळीचे नेट जाते. म्हणून पेटी उघडण्याआधी शेजारी विचारावे, तीही विभागणीच.

दिवे सगळे बरोबर, पण नेट रखडते, अशी तक्रार सर्वाधिक असते आणि तिचे मूळ बहुधा वायफायमध्ये असते. राउटरला तारेने जोडलेला संगणक वेगात चालतो का, ही इथली विभागणी. चालत असेल तर लाइन निर्दोष आहे, हवेतला टप्पा सदोष आहे. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सहाच्या आसपास. पहिला भिंती बऱ्या ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे त्याचे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीत तीस घरांचे तीस राउटर असतील तर सगळे त्याच तीन गल्ल्यांत दाटतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे दूध तापवताना व्हिडिओ अडकतो हा भास नव्हे. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण सिमेंट-सळईच्या भिंतीपुढे लवकर हरतो. जुन्या वाड्याच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीपुढे दोन्ही हरतात. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याचे पिंप हे लहरींचे नेहमीचे अडथळे. राउटर टीव्हीच्या मागे किंवा पोटमाळ्यावर टाकण्याऐवजी घराच्या मधोमध, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर असावा.

वेगाची तक्रार करताना एकके पाहावीत. जाहिरातीतला १०० हा मेगाबिट असतो, फाइल उतरताना दिसणारा आकडा मेगाबाइट. एका बाइटचे ८ बिट, म्हणून १०० च्या योजनेत साडेबारा दिसले तर फसवणूक झालेली नाही. दुसरा आकडा याहून बोलका आहे. योजना २०० किंवा ३०० ची असूनही तारेने जोडलेल्या संगणकावर वेग नेहमी ९४-९५ वरच अडत असेल, तर बहुधा लॅन केबलमधली एखादी जोडी तुटलेली आहे. या केबलमध्ये नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. दाराच्या फटीत चिरडून निळी किंवा तपकिरी जोडी गेली की दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा समजुतीने १०० वर उतरतात, आणि त्यातला वरखर्च वजा जाऊन हाती ९४ उरतात. नेट चालू असते, म्हणून केबलवर कोणाचाच संशय जात नाही. अर्थात राउटर किंवा संगणकाचा पोर्टच १०० चा असेल तरीही हाच आकडा दिसतो. तेवढे पाहून मग केबल बदलावी.

तार बरोबर, वायफाय बरोबर, तरी पाने उघडत नसतील तर संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की तो दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने स्वतःचा स्वतः घेतला आहे. १९२.१६८ सारखा पत्ता असेल तर पिंग आज्ञेने आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला हाक मारावी. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा क्रमांक देत नाही, तर दोष बाहेर. क्रमांक उत्तर देतो, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नावावरून क्रमांक शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. अर्धे-अर्धे करत जाण्याची रीत इथे सर्वांत स्वच्छ दिसते.

कधी कधी मात्र इंटरनेटचा म्हणून आलेला बिघाड चपट्या गोल सेलचा निघतो. संगणक चालू होतो, नेट आहे, पण प्रत्येक पानावर ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि संगणकाच्या समजुतीने ती अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. नावातच त्याचे माप आहे : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तो ३ व्होल्टचा असतो आणि काही वर्षांत संपतो. रात्री बटण बंद केलेल्या संगणकाचे घड्याळ सकाळी चुकलेले असेल, तर निदान झाले. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल वीज काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवायचा आणि तारीख दुरुस्त करायची. एवढ्यासाठी संगणक फॉरमॅट करून घेतला जातो, त्यात घरातले फोटो जातात, आणि नुकसान सोसणाऱ्याला कारण कधी कळतही नाही. हे थांबवता येण्याजोगे आहे.

संगणक मुळात सुरूच होत नसेल तर वाट विजेपासून धरावी. बोर्डात वीज आहे का, हे तिथे दुसरे उपकरण लावून पाहावे. मग केबल, मग कॅबिनेटच्या मागचा खटका, जो झाडताना नकळत पडतो. पंखा फिरतो आणि पडदा काळा, ही वेगळी अवस्था. यात आधी मॉनिटरची केबल पाहावी; वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असते, ही चूक नेहमीची. त्यानंतर रॅम. कोकणच्या दमट हवेत आणि एकूणच पावसाळ्यात रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो आणि संगणक नुसता बीप-बीप करतो. दुरुस्तीवाले पट्टी काढून खोडरबराने टोके घासतात. उपाय लागू पडतो. रबराचा चुरा मात्र खाचेत पडू देऊ नये, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा त्याहून बरा. आधी वीज तोडावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार घालवावा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थितिक वीज उतरवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. बीपचा अर्थ प्रत्येक बनावटीत निराळा असतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतच शोधावा.

वीज जाताना इन्व्हर्टर असूनही संगणक विझतो, ही तक्रार लोडशेडिंगच्या गावांत घरोघरी आहे. संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे त्याची दमछाक एका आवर्तनाच्या आतच होते. पुष्कळ इन्व्हर्टरवर साधा आणि यूपीएस असे दोन पर्याय देणारे बटण असते. साध्या पर्यायात अदलाबदलीला जास्त वेळ लागतो. पंख्याला तो जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. ते बटण यूपीएसकडे केले की पुष्कळ घरांतला प्रश्न मिटतो. फायबरची पेटीही त्याच जोडणीवर घ्यावी. जीपॉनमध्ये केंद्रापासून घरापर्यंतचे प्रकाशाचे फाटे विजेविना चालतात, त्यामुळे केंद्राकडे वीज असेल तर गावात अंधार असतानाही नेट राहते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. एसएमपीएसच्या गाळणीतली संधारित्रे पत्र्याला जोडलेली असतात. तिसरी पिन जमिनीपर्यंत पोचत नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा दाब चढतो आणि टेस्टरचा दिवा पेटतो. ही गळती बहुधा अत्यल्प असते, पण त्याच पत्र्याला उद्या खरी जिवंत तार टेकली तर ती वीज वाहून न्यायला वाट नसते. तीन पिनांना दोन पिनांत बसवणारा सॉकेट काढून टाकावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. शाळेच्या संगणक कक्षातही हे आधी तपासले जावे.

संगणक मंद झाला आहे, या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. धुळीने पंखा चोंदला आणि प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तरी हेच. हार्ड डिस्क जुनी असेल तर प्रत्येक काम तिच्यापाशी रांगेत उभे राहते, आणि तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. डिस्कमधून टकटक असा नियमित आवाज येऊ लागला, तर मात्र दुरुस्तीचे नाव न घेता महत्त्वाच्या फायली त्याच दिवशी दुसरीकडे उतरवाव्यात. तिसरी गोष्ट, महिनोन्महिने खऱ्या अर्थाने बंद न झालेली विंडोज. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर बहुतेक संगणक प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात. साचलेला घोळ त्याने जात नाही, ‘रीस्टार्ट’ने जातो. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या घरात हे ऐकून आश्चर्य वाटते, पण फरक प्रत्यक्ष दिसतो.

मदत मागताना होणारी फसवणूकही याच पाठात यावी. गडबडीत शोधयंत्रावर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधला जातो आणि तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात. पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. क्रमांक बिलावरचा किंवा पेटीवरचा घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी ते वाटेत थांबण्याची शक्यता अधिक. खरी तक्रार नोंदवताना कोणता दिवा कसा आहे, किती वाजल्यापासून, तारेने जोडून पाहिले का आणि शेजारी काय स्थिती आहे, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की ‘राउटर बंद-चालू करा’ यापुढे संभाषण जाते.

या पाठाचे प्रात्यक्षिक निकामी ठरवलेल्या एका जुन्या संगणकावर होऊ शकते. शिक्षकांनी वर्ग येण्याआधी वीज काढून त्यात एक दोष गुपचूप ठेवावा : रॅम सैल, सेल काढलेला, मॉनिटरची केबल अर्धवट, किंवा निळी जोडी कापलेली लॅन केबल. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटाने कोणत्या क्रमाने काय तपासले आणि त्यातून काय वगळता आले, हे लिहावे. गुण नोंदीला असावेत; दोष सापडला नाही तरी वाट नीट अर्धी करत नेलेल्या गटाला ते पूर्ण मिळावेत. तीन गोष्टींना हात लावायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर छापलेले असावे. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, कारण २३० व्होल्टचा शिखर दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो आणि तेवढा दाब वीज काढल्यावरही आतल्या संधारित्रांत काही काळ टिकू शकतो. टचपॅड वर उचललेला दिसणारा, म्हणजे आत बॅटरी फुगलेला लॅपटॉप चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा नाही. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावरच द्यायचा. आणि फायबरचे उघडे टोक डोळ्यासमोर धरायचे नाही.